माग आणि सीमा : सोलापूरविषयक मराठी लेखनाचा विचार

मराठी साहित्यात कापडगिरणी म्हटली की ती मुंबईची, असे आपण गृहीत धरून चालतो. आणि या गृहीताला आधार नाही असेही नाही. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ (१९३३) ही कादंबरी, नारायण सुर्व्यांचे ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) व ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) हे संग्रह, १९८२ च्या संपानंतरच्या वाताहतीवरील जयंत पवारांचे ‘अधांतर’ हे नाटक, असा गिरणगावाचा वाङ्मयीन वंशवृक्ष कोणाही शिक्षकाला वर्गातील फळ्यावर सहज काढून दाखविता येईल. परंतु जुन्या मुंबई इलाख्यात गिरण्यांची मोठी केंद्रे तीन होती : मुंबई, अहमदाबाद आणि सोलापूर. यांपैकी अहमदाबादचा हिशेब गुजराती साहित्याने द्यावयाचा. सोलापूरचा हिशेब कोणी द्यावयाचा, हा प्रश्न आपल्या समीक्षेने आजवर फारसा विचारलेला नाही. तो विचारावा, आणि हैदराबादेत बसून विचारावा, असे मला बरेच दिवस वाटत आले आहे.

हैदराबादेत बसून का, याचे कारण भूगोलात आहे. सोलापूर हे गिरणीचे गाव होते, तसेच ते सीमेचे गाव होते. शहराबाहेर काही मैल गेले की इंग्रजी अंमल संपे आणि निजामाचा मुलूख सुरू होई. बार्शी तालुका तर निजामी मुलुखाने वेढलेलाच होता. तुळजापूरची भवानी निजामाच्या राज्यात आणि तिचे हजारो भक्त इंग्रजांच्या. कोजागिरीच्या सुमारास सोलापुराहून पायी निघणारा यात्रेकरू एका रात्रीत एका सत्तेतून दुसऱ्या सत्तेत चालत जाई. पलीकडे नाणे वेगळे : इकडे कलदार, तिकडे हाली. पलीकडे जकात वेगळी. तिच्या नाक्यांना करोडगिरीचे नाके म्हणत. अक्कलकोटचे संस्थान धरले तर एका दिवसाच्या बैलगाडीच्या प्रवासात तीन राजवटी लागत.

१५ ऑगस्ट १९४७ नंतर या रेषेला निराळाच अर्थ प्राप्त झाला. निजामाने आपले राज्य स्वतंत्र राहील असे धोरण धरले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी जैसे थे करार झाला. आणि सुमारे तेरा महिने ही सीमा व्यवहारात दोन देशांमधली सीमा बनली. भारत सरकारने ती तशी कधी मान्य केली नाही, हे खरे. पण रझाकारांच्या भयाने घरदार सोडून रात्री ती ओलांडणाऱ्या कुटुंबाला त्या कायदेशीर बारकाव्याचे काय होय? १३ सप्टेंबर १९४८ रोजी जनरल चौधरी यांच्या नेतृत्वाखालील फौजेची मुख्य चढाई सोलापुराकडूनच झाली, नळदुर्गमार्गे. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. आज आपण अंबरपेठेहून सोलापूरला ज्या रस्त्याने बसने जातो, त्याच वाटेने, मात्र उलट दिशेने, ती फौज आली.

येथपर्यंतचा इतिहास मराठी वाचकाला अपरिचित नाही. अनंत भालेरावांच्या ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथाने तो आस्थेने व साधार मांडला आहे. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी आहेत. अनेक कार्यकर्त्यांची आत्मकथने आहेत. या लेखनात सोलापूर वारंवार येते. १९३८ च्या डिसेंबरात लोकनायक अणे यांच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद भरली ती सोलापुरात. पुढे स्टेट काँग्रेसच्या सरहद्दीवरील केंद्रांना पाठबळ मिळाले ते सोलापूर, बार्शी यांसारख्या गावांतून. पण हे सोलापूर कसले आहे? ते आश्रयस्थान आहे, तळ आहे, शस्त्रे व पत्रके जमविण्याचे ठिकाण आहे. त्या सोलापुरात पहाटे भोंगा वाजतो, हजारो माणसे डबे घेऊन गिरणीच्या फाटकातून आत जातात आणि त्यांतील कित्येकांची गावे त्याच निजामी मुलुखात आहेत, हे त्या लेखनातून जाणवत नाही. मुक्तिसंग्रामाच्या साहित्याला सीमा दिसली, माग दिसला नाही. कामगार-साहित्याला माग दिसला, पण तो मुंबईचा. तेथे सीमा नव्हती. या दोन साहित्यप्रवाहांची भेट ज्या एका गावात व्हावयाची ते गाव मधल्यामध्ये राहून गेले. प्रस्तुत लेखाचे मुख्य म्हणणे एवढेच आहे.

आता सोलापूरच्या स्वतःच्या लेखकांकडे वळू. या नगरीत साहित्याचा दुष्काळ कधीच नव्हता. १९४१ मध्ये वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन सोलापुरात भरले तेव्हा युद्धकाळ होता आणि गिरण्या चालू होत्या. २००६ मध्ये मारुती चितमपल्ली यांच्या अध्यक्षतेखाली ते पुन्हा तेथेच भरले तेव्हा जुन्या गिरण्यांपैकी बहुतेकांचे भोंगे थांबले होते. या दोन तारखांमध्ये एका शहराचे सारे औद्योगिक आयुष्य उतरणीला लागले. कुंजविहारींची कविता फार लोकप्रिय झाली; फाशी जाणारा तरुण आईचा निरोप घेतो ती रचना मराठी माणसाच्या तोंडी कित्येक वर्षे होती. गांधीजींच्या अटकेनंतर मे १९३० मध्ये सोलापुरात गिरण्या बंद पडल्या, गोळीबार झाला, मार्शल लॉ पुकारला गेला. आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे फाशी गेले. ही चार नावे एकदा सावकाश उच्चारून पाहावी. सोलापूर म्हणजे काय, हे त्या चार आडनावांत आहे. आपल्या राष्ट्रीय कवितेने हुतात्म्याला शब्द दिले यात शंका नाही. मात्र ज्या गर्दीतून तो हुतात्मा पुढे आला, त्या गर्दीचा दिवस कसा उगवत होता हे तिने पाहिले नाही. त्या कवितेचा तो धर्मच नव्हता, असे म्हणता येईल. मला ते पुरते पटत नाही.

त्र्यं. वि. सरदेशमुखांविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण त्यांच्याइतका चिंतनशील कादंबरीकार त्या परिसराला दुसरा लाभला नाही. अक्कलकोटचा जन्म, सोलापूरचे दीर्घ वास्तव्य, आणि ‘डांगोरा एका नगरीचा’ या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार. संस्थानी जगाचे आतून पोखरले जाणे त्यांनी ज्या संथ, जड आणि अनेकपदरी गद्यात मांडले, ते गद्य मराठीत दुर्मिळ आहे. सीमेचा एक अर्थ त्यांना नेमका कळला होता : लहान सत्ता मोठ्या सत्तेच्या सावलीत कशी जगते आणि त्या जगण्याने माणसांची मने कशी वाकतात. पण त्यांच्या कल्पनेचे केंद्र राजवाडा आणि त्याभोवतीची नगरी हे आहे, गिरणी नव्हे. लेखकाने काय लिहावे हे समीक्षकाने सांगू नये, हा नियम मला मान्य आहे. म्हणून हा दोष म्हणून नोंदवीत नाही. एवढेच दिसते की, सीमेवरच्या सोलापूर परिसराला मोठा लेखक मिळाला तेव्हा त्याची नजर मावळत्या सत्तेवर खिळली. मावळता उद्योग दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहत राहिला.

असे का झाले असावे? एक कारण आपल्या समीक्षेच्या खणांत आहे. आपण नागर आणि ग्रामीण असे दोन खण केले. पुढे दलित साहित्याने तिसरा खण स्वतःच्या बळावर उघडला. सोलापूर या खणांत नीट मावत नाही. ते मुंबईसारखे महानगर नाही आणि खेडेही नाही. परंतु याहून खोल कारण भाषेचे आहे, आणि त्यासाठी थोडे थांबावयास हवे.

सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली. जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. मधल्या १८७६–७७ च्या दुष्काळाने खेड्यांतील माणसे मोकळी करून दिली, म्हणजे देशोधडीला लावली. हातमागाचे विणकर त्याआधीपासूनच येत होते आणि नंतरही येत राहिले. त्यांतील फार मोठा भाग तेलंगणातील पद्मशाली समाजाचा. म्हणजे निजामी प्रजेतील तेलुगू विणकर हाली नाण्याचा मुलूख सोडून कलदाराच्या मुलुखात आला. शहराचा पूर्व भाग त्याने वसविला. मार्कंडेयाचे मंदिर उभे केले. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो. याच गावाचे ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजे सिद्धराम. तो कन्नड वचनकार. जत्रेत नंदीध्वज मिरवतात ते त्याचे. बाजारात मराठी, शाळेत मराठी, मशिदीच्या आसपास दखनी, घरात तेलुगू किंवा कन्नड. अशा गावाचा मजूर मराठी कादंबरीत यावा तर कोणत्या भाषेत बोलत यावा? मुंबईच्या गिरणगावातला मजूर कोकणातून वा घाटावरून आला. त्याच्या बोलीला मराठी लेखक ‘आपली बोली’ म्हणू शकला. सोलापूरचा विणकर घरी परतला की तो, आपल्या नकळत, मराठी साहित्याच्या सीमेबाहेर जाई. राजकीय सीमा १९४८ मध्ये पुसली गेली. ही दुसरी सीमा आपण अजून सांभाळून आहोत.

वास्तविक मागाचे शब्द या सीमेला कधीच जुमानीत नाहीत. मराठीत माग, कन्नडात मग्ग, तेलुगूत मग्गम्. मराठीत ताणा-बाणा म्हणतात, तेलुगूत पडुगु-पेक, कन्नडात हासु-होक्कु. आणि शेजारच्या दोन्ही भाषांत हे जोडशब्द मागावरून उतरून रोजच्या बोलण्यात शिरले आहेत. आपल्याकडे काय झाले पहा. ‘ओतप्रोत’ हा शब्द वापरल्यावाचून आपले पुस्तक-परीक्षण पुरे होत नाही : अमुक काव्य भक्तीने ओतप्रोत आहे, तमुक कथा कारुण्याने ओतप्रोत आहे. वाचणाऱ्याला वाटते, काहीतरी ओतले गेले आहे आणि भांडे भरून वाहत आहे. ओत आणि प्रोत हे मुळात विणकराचे शब्द. उभे आणि आडवे विणलेले. बृहदारण्यकात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते की हे सर्व कशात ओत आणि प्रोत आहे, तेव्हा ती मागाच्याच भाषेत बोलत असते. अंबरपेठेतील आमच्या शाळेत नववीच्या वर्गावर मी हा शब्द समजावीत होतो. उभे धागे, आडवे धागे अशा खुणा फळ्यावर करीत असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘सर, म्हणजे पडुगु-पेक. आमची आजी सोलापूरला असते, ती म्हणते.’ माझा पाऊण तासाचा तास त्याने एका वाक्यात संपविला.

आपल्या प्राचीन साहित्यातही ही गोष्ट मोठी नवलाची आहे. तंतू आणि पट यांचा दृष्टांत वेदान्तात रूढ आहे; ज्ञानदेवांनीही तो वापरला आहे. वस्त्र हे ब्रह्म-जगत्संबंधाचे प्रतीक म्हणून मराठीला फार जवळचे. परंतु त्या दृष्टांतात तंतू असतो, पट असतो. विणणारा सहसा नसतो. आपल्या संतमेळ्यात शिंपी आहे, कुंभार आहे, माळी आहे, सोनार आहे, न्हावी आहे. विणकराचे नाव मात्र तेवढ्या सहजतेने आपल्या ओठांवर येत नाही. विणकर संत म्हटला की आपण कबिराकडे, म्हणजे काशीकडे, बोट दाखवितो. त्याच वेळी सोलापूर–हैदराबाद रस्त्यापासून फार दूर नसलेल्या कन्नड मुलुखात जेडर दासिमय्या हा विणकर वचनकार होऊन गेला होता, आणि तो बसवेश्वरांच्याही आधीचा मानला जातो. म्हणजे मागावर बसून लिहिणारा कवी या मातीने दिला, पण पलीकडच्या भाषेत. आणखी मागे जावयाचे तर बार्शीच्या पूर्वेचे तेर, प्राचीन तगर. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात तगराहून भडोच बंदराकडे जाणाऱ्या मालात साधे कापड आणि मलमल यांचा उल्लेख आहे. आज तेर आपल्याला ठाऊक आहे ते गोरा कुंभाराचे गाव म्हणून. चिखल तुडविणाऱ्या पायांची गोष्ट उरली. विणणाऱ्या हातांची उरली नाही.

या सर्व अभावाला अपवाद कोठे सापडतात? ते सापडतात कादंबरीच्या आणि भावकवितेच्या बाहेर. बार्शीचे अमर शेख स्वतः गिरणीत राबलेले. आईच्या ओव्यांवर वाढलेला तो आवाज पुढे साऱ्या महाराष्ट्राने ऐकला. शाहिरीला आपण साहित्याच्या ओसरीवर बसवितो, माजघरात घेत नाही. म्हणून गिरणी, सरहद्द आणि मुसलमान मराठी घर या तिन्ही गोष्टी ज्याच्या आयुष्यात एकत्र आल्या, त्या कवीचे नीट मूल्यमापन अद्याप व्हावयाचे आहे. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ (१९८७) मध्ये लातूरच्या सूतगिरणीतील नोकरी आणि कामगारांची संघटना यांचे जे वर्णन आहे, त्यात पुस्तकी कामगार नाही. जन्माने गुन्हेगार ठरविलेल्या जमातीतील माणसाला गिरणीचे हजेरीपत्रक म्हणजे काय असते, हे मुंबईच्या कोणत्याही कादंबरीने सांगितले नव्हते. सोलापुरातही गुन्हेगार ठरविलेल्या जमातींची सेटलमेंट होती आणि तारेच्या कुंपणातून माणसे गिरणीत कामाला जात होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आत्मकथनाचे महत्त्व लातूरपुरते राहत नाही. शरणकुमार लिंबाळ्यांची ‘अक्करमाशी’ (१९८४) अक्कलकोट तालुक्यातील हन्नूरची. तीत माग नाही; परंतु सीमावर्ती मुलुखातले एक घर आहे, जेथे सांभाळणारा आजोबा मुसलमान आहे आणि नातू आपले नाव, जात, बाप सारे शोधीत आहे. जे मिश्रण आपल्या कादंबरीला पेलले नाही, ते या आत्मकथनांनी बिचकल्याशिवाय उचलले. त्यांच्या भाषेवर ओबडधोबडपणाचा आक्षेप काही अभ्यासू मित्र अजून घेतात. उभ्या-आडव्या धाग्यांची गाठ जेथे पडते तेथे कापड थोडे जाड लागणारच.

एक विलक्षण योगायोग येथे नोंदविण्यासारखा आहे. सोलापूरची जुनी गिरणी ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून सरकारने तिचा ताबा घेतला. त्याविरुद्ध भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५० चा चिरंजितलाल खटला आणि १९५३ च्या अखेरीस निकाल लागलेला द्वारकादास खटला, हे दोन्ही संविधानातील समता व मालमत्ता यांच्या अर्थनिर्णयातले आरंभीचे महत्त्वाचे निवाडे; कायद्याचा विद्यार्थी ते आजही वाचतो. म्हणजे सोलापूरची गिरणी मराठी कादंबरीत पोचण्याआधी कायद्याच्या ग्रंथात पोचली. त्या निवाड्यांत भागधारकाच्या हक्काची चर्चा पानेच्या पाने आहे. फाटक बंद झाल्यावर बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाने त्या वर्षी काय खाल्ले, हे तेथे नाही. न्यायालयाचे ते कामही नव्हे. ते काम ज्यांचे होते त्यांच्यात आपण येतो.

सोलापूर संपले असे मात्र कोणी समजू नये. यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल अजून निघतात. सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांकाची मान्यताही मिळाली. मराठी घरात मुक्कामाला आलेल्या पाहुण्याच्या अंगावर आजही बहुधा तीच पडते. विणकर घरांतील बायका विड्या वळतात. संपली ती गिरणी, आणि तिच्याबरोबर जगण्याची एक रीत. वारंगळची आझमजाही मिल, नांदेडची उस्मानशाही, गुलबर्ग्याची महबूबशाही, आमच्या हैदराबादेतील रामगोपाल मिल यांचीही कथा थोड्याफार फरकाने तीच. गुलबर्ग्याचे कन्नडात कोणी लिहिले असेल, वारंगळचे तेलुगूत. सोलापूरचे मराठीत लिहावयाचे तर तेलुगूवाचून ते पुरे होणार नाही, आणि तेलुगू–मराठी दोन्ही ज्यांच्या कानात आहेत अशी माणसे पुण्यापेक्षा आपल्या शहरात अधिक आहेत. आपल्या परिषदेच्या सभासदांतील निम्म्या घरांत स्वयंपाकघरातील भाषा आणि बैठकीतील भाषा वेगवेगळी आहे. आपण हे उणेपण समजून झाकीत आलो. प्रस्तुत कामासाठी तेच भांडवल आहे.

तेव्हा आपल्या शाळांतील भाषाशिक्षकांना माझी सूचना अगदी साधी आहे. ज्या मुलांची आजोळे सोलापूर, बार्शी, लातूर, नांदेड येथे आहेत त्यांना सुटीत निबंधाऐवजी काही प्रश्न लिहून द्यावेत आणि उत्तरे ज्या भाषेत मिळतील त्याच भाषेत, देवनागरीत उतरवून आणण्यास सांगावे. १९४८ मध्ये वीस वर्षांचा असलेला मजूर आज शंभरीच्या उंबरठ्यावर आहे. बहुतेक ठिकाणी त्याच्या मुलांच्या आठवणींवरच विसंबावे लागेल, आणि तीही आता म्हातारी झाली आहेत. प्रश्न असे असावेत : गावाकडे पैसे धाडताना कलदाराचे हाली कोण करून देई आणि त्यात किती कापून घेई? करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडे सोडवीत तेव्हा त्यात काय असे? मुकादम कोणत्या भाषेत शिवी देई आणि मजूर कोणत्या भाषेत उत्तर देत? मागावर बसताना कोणते गाणे म्हणत? आणि १३ सप्टेंबर १९४८ रोजी, फौज नळदुर्गाकडे निघाली त्या सकाळी, बाप कोणत्या पाळीला होता?